माप गोळीचे आणि माप रक्ताचे

अमेरिकेत घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या पिस्तुलासाठी काडतुसे भरणारा मोठा वर्ग आहे. तेथील कायद्याला त्याचे वावडे नाही आणि दुकानांत त्यासाठी लागणारी सगळी यंत्रसामग्री उघड मिळते. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, साफ करायची, तिच्या बुडाला नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची आणि पुंगळीचे तोंड आवळायचे, असा हा उद्योग. काडतुसाच्या घटकांत पुंगळी सर्वात महाग आणि ती पुन्हापुन्हा वापरता येते, म्हणून पैसे वाचतात. गोळीही घरीच ओतली तर आणखी वाचतात. पण केवळ काटकसर हे त्यामागचे कारण नाही. आपल्या हाताने केलेली वस्तू आपल्या हत्यारात अचूक बसावी, हा कारागिराचा हट्टही त्यात असतो. या हट्टातून सूक्ष्म मापनाची एक उत्तम शिस्त जन्माला आली आहे. आणि याच शिस्तीत एक मोठे भगदाडही आहे. ते आरोग्याचे आहे, म्हणून त्याची दखल घ्यायला हवी.

आधी ती शिस्त समजून घेऊ. घरी ओतलेली गोळी शिशाची असते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे विजेच्या साध्या भट्टीवर किंवा गॅसच्या शेगडीवरही त्याचा रस करता येतो. निव्वळ शिसे फार मऊ असल्याने त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. नव्वद टक्के शिसे, पाच टक्के कथील आणि पाच टक्के अँटिमनी हे या क्षेत्रातले एक जुने, नावाजलेले प्रमाण. कथिलामुळे साच्याचा कानाकोपरा नीट भरतो, अँटिमनीमुळे गोळीला कठीणपणा येतो. गोळी थंड झाली की तिला मेणाचे वंगण लावतात आणि एका कड्यातून दाबून काढून ठरावीक जाडीची करतात.

ही जाडी किती असावी, यात सगळी गोम आहे. बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट रुतून फिरत बाहेर पडते, म्हणून ती सरळ जाते. तांब्याच्या वेष्टनातली कारखान्यातली गोळी नळीच्या खाचांइतक्याच व्यासाची असली तरी चालते. नुसत्या शिशाच्या गोळीचे तसे नाही. ती खाचांपेक्षा किंचित, इंचाच्या एक किंवा दोन हजारांशांनी, जाड असावी लागते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची वेष्टनातली गोळी ०.३५५ इंचाची असते, तर ओतलेली गोळी ०.३५६ किंवा ०.३५७ इंचाची घेतात. पॉइंट फोर फाइव्ह पिस्तुलात हाच हिशेब ०.४५१ आणि ०.४५२ असा होतो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण एवढ्याशा फटीतून जळत्या दारूचा तप्त, प्रचंड दाबाचा वायू गोळीच्या कडेने पुढे घुसतो, गोळीची कड वितळवतो आणि खरवडतो. ते शिसे नळीच्या आत लेपासारखे चिकटते. नेम बिघडतो, आणि तो लेप काढणे हे एक कंटाळवाणे काम होऊन बसते. गोळी थोडी जाड असली की तीच बुचासारखी नळी बंद करते आणि वायूला वाट मिळत नाही.

म्हणजे जाड गोळी ही चूक नव्हे, गरज आहे. अडचण पुढे येते. पुंगळी आणि पिस्तुलाचा कोठा हे दोन्ही कारखान्यातल्या सडपातळ गोळीच्या मापाने बनवलेले असतात. त्यात जाड गोळी दाबून बसवली की पुंगळीच्या भिंती बाहेर फुगतात. गोळी तिरकी बसली तर एकाच बाजूला फुगवटा येतो. असे काडतूस कोठ्यात पूर्ण जात नाही आणि पिस्तूल अर्धवट मिटून अडकते. गोळी आत शिरताना खरवडू नये म्हणून पुंगळीचे तोंड आधी किंचित फाकवलेले असते. ते नंतर परत मिटवावे लागते, त्याला क्रिंप म्हणतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पुंगळीची कड गोळीवरच्या खोबणीत आत वळवतात. स्वयंचलित पिस्तुलाचे काडतूस मात्र बहुधा पुंगळीच्या तोंडावरच कोठ्यात टेकते, म्हणून तिथे कड वळवून चालत नाही. फाकलेले तोंड फक्त सरळ करायचे असते. गोळी धरून ठेवण्याचे काम क्रिंपचे नसून पुंगळीच्या भिंतींच्या आवळपणाचे आहे, ही गोष्ट नवशिक्याला उशिरा कळते.

कळेपर्यंत तो काय करतो? काडतूस कोठ्यात जात नाही म्हणून क्रिंप आणखी आवळतो. किंवा तयार काडतूस बाहेरून दाबून ठरावीक मापात आणणारा कड्याचा डाय आणतो आणि त्यातून ते रेटतो. काडतूस गुळगुळीत होते, कोठ्यात अलगद उतरते, समस्या सुटल्यासारखी वाटते. पण आत काय झाले ते दिसत नाही. पितळ लवचीक आहे, दाब काढला की किंचित मागे उसळते. शिसे मऊ आहे, ते दबलेलेच राहते. परिणाम दुहेरी. मुद्दाम जाड घेतलेली गोळी पुन्हा बारीक झाली, म्हणजे वायूला फट मिळाली. शिवाय पुंगळीची पकडही सैल झाली, म्हणजे पिस्तुलात काडतूस वर सरकताना धक्क्याने गोळी आत ढकलली जाऊ शकते. नऊ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत मुळातच जागा कमी. गोळी थोडी जरी आत गेली तरी दारू पेटल्यावर दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. वरून नीट दिसणारे काम आतून बिघडलेले असते, ते असे.

जाणते लोक म्हणूनच उलट्या क्रमाने जातात. आधी आपल्या नळीत मऊ शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढतात आणि खाचांचा खरा व्यास मोजतात. पुंगळीचे तोंड योग्य तेवढे फाकवतात. गोळी बसवणे आणि तोंड मिटवणे ही दोन कामे दोन वेगळ्या पायऱ्यांत करतात. नळी पिस्तुलातून काढून काडतूस तिच्या कोठ्यात सोडतात. स्वतःच्या वजनाने टप् असा आवाज करून ते बसले आणि नळी उलटी करताच बाहेर पडले, तर ठीक. शेवटी एक तयार काडतूस उघडून आतली गोळी मायक्रोमीटरने पुन्हा मोजतात. भरण्यापूर्वी ०.३५७ होती, आता ०.३५५ भरली, तर क्रिंपने घात केला हे सिद्ध झाले. तर्क, मोजमाप आणि पडताळणी ही विज्ञानाची सगळी अंगे या टेबलावर हजर असतात.

मग भगदाड कुठे आहे? ते असे की, इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणारा हा माणूस आपल्या रक्तातील शिशाचा हिशेब बहुधा ठेवत नाही. ज्या धातूच्या व्यासावर त्याचा इतका जीव आहे, तो धातू टेबलावरून बोटांवर, बोटांवरून चहाच्या कपावर आणि कपड्यांवरून घरातल्या मुलाच्या अंथरुणावर जातो, हे मोजायला मायक्रोमीटर उपयोगी पडत नाही.

या बाबतीत समजुतीही उलट्या आहेत. शिसे वितळवणे सर्वात घातक आणि बाकी सगळे किरकोळ, असे सर्वसाधारण मत. प्रत्यक्षात गोळ्या ओतण्यासाठी शिशाचा रस ३७० ते ४३० अंशांच्या आसपास ठेवतात. त्या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते; वाफेचा धोका भट्टी त्याहून बरीच तापू दिली की वाढतो. वितळलेल्या शिशाचा तत्काळ धोका वेगळाच आहे. त्यात पाण्याचा एक थेंब बुडाला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू अंगावर उसळतो. दीर्घकाळचा धोका मात्र रसावर जमणाऱ्या मळीत आहे. ती काढून डब्यात टाकली की वाळून बारीक भुकटी होते. झाडू मारला की ती उडते, श्वासात जाते, फटींत बसून राहते.

दुसरा स्रोत त्याहून दुर्लक्षित आहे, तो प्रायमरचा. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या या टोपीत ठिणगी देणारे रसायन बहुतेक वेळा लेड स्टिफनेट, म्हणजे शिशाचेच संयुग असते. घोड्याचा आघात झाला की ते जळते आणि शिशाचे अतिसूक्ष्म कण धुरात मिसळतात. गोळीला तांब्याचे वेष्टन असले तरी हे टळत नाही. बंदिस्त नेमबाजी केंद्रात हवा खेळती नसेल, तर तो धूर नेमबाजाच्या तोंडासमोरच रेंगाळतो. काही भाग पुंगळीच्या आत काजळीसारखा बसतो. मग ती पुंगळी घरी येते आणि अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरडीबरोबर फिरत्या डब्यात घोळवली जाते. पितळ लखलखते, पण प्रायमरची सगळी राख त्या भरडीत उतरते. डबा उघडून ती चाळताना उठणारी धूळ हा घरगुती काडतूसभरणीतील सर्वात वाईट क्षणांपैकी एक. साधी भरड म्हणून ती हाताने चाळणारे लोक शिशाच्या भट्टीपाशी मात्र मुखपट्टी लावतात.

तिसरा स्रोत नळीची सफाई. येथे क्रिंपची गोष्ट आरोग्याच्या गोष्टीला येऊन मिळते. गोळी चुकीने आवळून बारीक झाली, नळीत शिशाचा लेप बसला, तर तो तारेच्या ब्रशने आणि द्रावकाने खरवडून काढावा लागतो. त्या पापुद्र्यांनी आणि काळ्या चिंधीने हात माखतात. काम चोख असेल तर शिसे गोळीबरोबर जाते. काम बिघडले तर त्यातले काही नळीत राहते आणि मालकाच्या बोटांवर येते. अचूकता आणि आरोग्य यांच्यात येथे भांडण नाही, ती एकाच बाजूची आहेत.

शिसे शरीरात गेल्यावर काय करते, हे आता वादाचे राहिलेले नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. रक्तातील शिशाचे प्रमाण सुमारे महिन्याभरात निम्मे होते, पण त्याचा अर्थ ते सगळे बाहेर गेले असा नाही. बराचसा भाग हाडांत साठतो आणि तिथे दशकानुदशके राहतो. गरोदरपणात किंवा उतारवयात हाडे झिजू लागली की तेच शिसे पुन्हा रक्तात उतरते. मोठ्या माणसांत ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडे बिघडवते, प्रजननक्षमता कमी करते, हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते. मुलांत त्याचा रोख थेट वाढत्या मेंदूवर असतो. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांत होणारी घट बहुधा भरून येत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस थोडाच भाग शोषतो, मूल जवळपास निम्मा शोषू शकते. लोह किंवा कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात हे शोषण आणखी वाढते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रमाणाची कल्पना येण्यासाठी एक हिशेब मांडता येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तासाठी ठरवलेली संदर्भपातळी २०१२ मध्ये डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम होती. २०२१ मध्ये ती ३.५ वर आणली. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असते. म्हणजे त्याच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५० मायक्रोग्रॅम शिसे असले की धोक्याची खूण ओलांडली जाते. मिठाचा एक बारीक कण साधारण एवढ्याच वजनाचा असतो. उलट नऊ मिलिमीटरच्या एका गोळीचे वजन सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे ऐंशी लाख मायक्रोग्रॅम. हजारो गोळ्या ओतणाऱ्या टेबलावरून किती शिसे घरात सांडले तर चालेल, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

कायदा येथे फारसा कामाला येत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९७८ मध्ये शिशाबाबत नियम केले. कारखान्यातील हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि कामगाराच्या रक्तात डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर त्याला त्या कामावरून हलवण्याची सक्ती केली. आजच्या ज्ञानाच्या उजेडात हे आकडे फारच सैल आहेत. तरी नेमबाजी केंद्रातल्या नोकराला निदान ते संरक्षण आहे. हौशी माणूस कुणाचाच नोकर नाही. त्याच्या गॅरेजची हवा कुणी तपासत नाही आणि रक्त तपासा असे त्याला कुणी सांगत नाही. त्याच्या मुलाचे तर नाहीच. नेमबाजी केंद्रांतील शिशाच्या संसर्गावर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही नेमबाजांच्या रक्तातील वाढलेले शिसे हा मुद्दा ठळकपणे पुढे आला होता. तरीही तो चर्चेच्या मध्यभागी आला नाही, कारण बंदुकीविषयीचा प्रत्येक मुद्दा तिथे लगेच राजकारणाच्या खात्यात जमा होतो.

या हौशी लोकांचे म्हणणे असे की, आपण चाळीस वर्षे गोळ्या ओततो आणि ठणठणीत आहोत. हे सरसकट खोटे नाही. शिशाची गोळी हातात धरली म्हणून विषबाधा होत नाही. धातूरूपातील शिसे कातडीतून फारसे जात नाही. ते जाते तोंडाने आणि नाकाने. त्यामुळे जो काम करताना खात-पीत नाही, सिगारेट ओढत नाही, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसतो, पुंगळ्या कोरड्या भरडीऐवजी पाण्यात धुतो, कामाचे कपडे वेगळे ठेवतो आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो, त्याची पातळी खरोखरच मर्यादेत राहू शकते. पण हे सगळे केल्यावरच. 'ठणठणीत आहोत' ही भावना पुरावा ठरत नाही, कारण या पातळीवरचे शिसे लक्षणे दाखवत नाही. पोटशूळ, हात लुळा पडणे या फार वरच्या पातळीच्या गोष्टी आहेत. नुसत्या डोळ्यांना काडतूस नीट दिसते म्हणून आतली गोळी न मोजणाऱ्याला हेच लोक अडाणी म्हणतात. मग रक्ताच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास का?

पर्यायही आहेत. ओतलेल्या गोळीवर रंगाच्या पावडरचा थर भट्टीत भाजून बसवता येतो. त्यामुळे शिशाचा नळीशी आणि हाताशी थेट संबंध येत नाही. फक्त त्या थराने गोळी आणखी जाड होते आणि पुंगळी फुगण्याची अडचण परत दारात उभी राहते. मोजमापाची शिस्त तिथेही सुटत नाही. शिसेरहित प्रायमर बाजारात आले आहेत, संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही आहेत. त्या महाग पडतात हे खरे. पण शिशाची किंमत दुसरे कुणी तरी मोजत असते. कॅलिफोर्नियातील काँडर हे अवाढव्य गिधाड १९८२ मध्ये २२ पक्ष्यांपर्यंत घसरले होते. बंदिवासात पैदास करून ते जगवले, तरी मोकळे सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूंचे एक मुख्य कारण शिसेच राहिले. शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांतले गोळीचे कण त्यांच्या पोटात जात. अखेर कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे संपूर्ण अमेरिकेत १९९१ पासूनच बंद आहेत. गिधाडासाठी आणि बदकासाठी जे सुचले, ते गॅरेजशेजारच्या खोलीत झोपणाऱ्या मुलासाठी अजून सुचायचे आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणी विचारेल. परवान्याविना काडतुसे बनवणे आपल्याकडे शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे गॅरेजमधली काडतूसभरणी हा येथील छंद होऊ शकत नाही आणि तेच बरे. पण नेमबाजी हा मात्र महाराष्ट्राचा खेळ झाला आहे. अंजली भागवत यांनी वाट दाखवली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी पिस्तुलात नाव काढले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यानंतर गावोगावच्या पालकांना हा खेळ आपल्या मुलांसाठी शक्य वाटू लागला, ही आनंदाची गोष्ट. दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या प्रकारांत बहुतेक मुले सुरुवात करतात. त्यांच्या ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांचा मुख्य धातू शिसेच आहे.

घाबरण्याचे कारण नाही. एअर रायफलमध्ये दारू नाही आणि प्रायमरही नाही, म्हणून शिशाचा धूर होत नाही. पण सरावात मूल शेकडो छर्रे बोटांनी उचलते, आणि लक्ष्यामागच्या पेटीत आपटून त्यांची भुकटी होते. ती पेटी कोण रिकामी करते, कशी करते? सरावाच्या जागेतच डबा उघडून पोळीभाजी खाल्ली जाते का? हात धुवायला बेसिन आणि साबण आहे का? छर्रा ओठांत धरण्याची खोड एखाद्या मुलाला आहे का, याकडे प्रशिक्षकाचे लक्ष असते का? पुढच्या टप्प्यावर पॉइंट टू टू रायफल हातात येते. तिची गोळी उघड्या शिशाची असते आणि प्रायमरही बहुधा शिशाचाच. तिथे बंदिस्त जागेतील हवेचा प्रवाह नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहणारा हवा, ही चैन नसून मूलभूत गरज आहे.

भारताने शिशाविरुद्ध काहीच केले नाही असे नाही. २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे गेले. घरगुती रंगांतील शिशाला २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असलेली मुले जगात सुमारे ८० कोटी होती आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात. त्यांचे शिसे बंदुकीतून आलेले नाही. ते जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भट्ट्या, भेसळीच्या वस्तू, जुने रंग अशा वाटांनी आले आहे. पण म्हणूनच नेमबाजीसारख्या नियंत्रित, शिस्तीच्या, नोंदी ठेवणाऱ्या क्षेत्रात तरी हे काम आधी व्हायला हवे. इथे प्रत्येक नेमबाजाच्या प्रत्येक नेमाचे गुण दशांशापर्यंत लिहून ठेवले जातात. त्याच वहीत वर्षातून एकदा रक्तातील शिशाचा एक आकडा लिहायला काय हरकत आहे?

उपाय अवघड नाहीत. क्रीडा खात्याने आणि नेमबाजी संघटनांनी प्रत्येक सराव केंद्रासाठी चार नियम करावेत. सरावाच्या जागेत खाणेपिणे बंद. बाहेर पडताना साबणाने हात आणि तोंड धुणे सक्तीचे. झाडूला बंदी, ओल्या पुसण्याची किंवा सूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूमची सोय. आणि नियमित सराव करणाऱ्या मुलांची, तसेच लक्ष्याच्या पेट्या रिकाम्या करणाऱ्या कर्मचाऱ्याची वार्षिक रक्ततपासणी. यातला शेवटचा माणूस सर्वात महत्त्वाचा, कारण भुकटी त्याच्या हाताखालून जाते आणि पदक मात्र दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ज्या मुलींमध्ये पंडुरोग आधीच मोठ्या प्रमाणात आहे, त्यांच्या बाबतीत लोहाची तपासणीही सोबत व्हावी, कारण लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. पालकांनीही घरी आल्यावर मुलाने आधी कपडे बदलावेत आणि सरावाची पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नये, एवढे पाहिले तरी खूप झाले.

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. तिच्या नावाने आपण उगाच धास्तावतो. जिथे शिसे खरोखर आहे तिथे मात्र ते दिसत नाही, म्हणून निर्धास्त राहतो. अमेरिकेतल्या त्या हौशी कारागिराकडून एक गोष्ट निःसंशय शिकण्यासारखी आहे. काडतूस बाहेरून नीट दिसले तरी तो समाधान मानत नाही. ते उघडतो आणि आतली गोळी पुन्हा मोजतो. हीच सवय त्याने स्वतःच्या रक्ताला लावली, आणि आपण आपल्या मुलांच्या सराव केंद्रांना लावली, तर नेम चुकणार नाही.